जंब्वासव ऊर्फ जंबो आसव

॥ श्री ॥

कोपर, डोंबिवली (पश्चिम)
बुधवार, दुपारचे तीन

सौ. क्षिप्रावन्सं यांस,

शुभदाचा साष्टांग नमस्कार. (आठांपैकी सहाच अंगं टेकवली आहेत. उरलेले दोन गुडघे डॉक्टरांनी टेकू नका म्हणून सांगितलंय, ते मनाने टेकले असं समजावं.) इकडे आम्ही सगळे ठीक, म्हणजे जे ठीक होते ते ठीक आहेत आणि तुमचे बंधू आहेत तसेच आहेत. भावोजींची साखर कशी आहे? तुमचा उजवा खांदा आता वर जातो का? सोमवारी तुम्ही फोन ठेवलात तेव्हा त्याला झटका बसला नसेल अशी आशा करते. मोबाइल आपटता येत नाही हे मला ठाऊक आहे, पण तुम्ही तो आपटलात हे इथे कोपरला नीट ऐकू आलं.

पत्र लिहायचं कारण असं, की त्यानंतर मी सात वेळा फोन केला, तो तुम्ही उचलला नाहीत, आणि घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपमधूनही बाहेर पडलात. राहिलं पोस्ट. तर येत्या रविवारी तुम्ही गाडी घेऊन येणार आणि अण्णांना कायमचं नाशिकला नेणार, हे मला कळलं. 'दारूच्या भट्टीवर माझ्या वडिलांना मी एक दिवसही ठेवणार नाही' हे तुमचं वाक्यही कळलं. या, वन्सं. घर तुमचं, वडील तुमचे. एकतीस वर्षं सुनेने सांभाळलं, आता लेक सांभाळते म्हणाली तर आडवी येणारी मी कोण? उलट मला मोकळं वाटेल. सकाळी सहाला उठून बिनसाखरेचा चहा टाकायला नको, दुपारी भाकरी कडक झाली म्हणून ऐकून घ्यायला नको, आणि तोंडातून शब्द निघाला की तो कानाला धरून परत आणणारं कुणी नको. मी तर म्हणते शनिवारीच या. फक्त न्यायच्या आधी एवढं वाचा. कारण ज्या भट्टीवरून तुम्ही त्यांना सोडवून नेताय, तिचं मूळ (लहान तोंडी मोठा घास, पण घेतेच) तुमच्याच घरात आहे.

गेल्या वर्षी फेब्रुवारीत आम्ही तिघं तुमच्याकडे आलेलो, आठवतंय ना? (अण्णा म्हणतात 'आलो होतो' म्हण. डोंबिवलीत माणूस आलेलोच असतो.) भावोजींनी हौसेने आम्हाला एक वाइनचा कारखाना दाखवायला नेलं. तुमच्याकडे हे कारखाने पाहुण्यांना काळाराम झाला की दाखवतात, लोक तिथे सहकुटुंब फोटो काढतात, आणि त्याला पर्यटन म्हणतात. तेच एखाद्या बाईने डोंबिवलीत स्वयंपाकघरामागच्या खोलीत केलं की भट्टी होते. असो, शहराशहराचा मान असतो. अण्णा गाडीतून उतरले नव्हते. आत भावोजींनी पेला गोल गोल फिरवला, त्यात नाक घातलं आणि मला म्हणाले, वहिनी, तुमच्या खाडीकाठी हे व्हायचं नाही, खारी हवा, दमट जागा, तिथे फार तर मीठ होईल. सगळे हसले. तुम्हीही हसलात, मी बघितलं. आता मी एमआयडीसीतल्या रंगाच्या कंपनीच्या प्रयोगशाळेत सत्तावीस वर्षं काढलेली बाई. कशात काय मिसळलं की काय होतं हे बघण्यात माझा जन्म गेला, आणि साहेबांनी 'होणार नाही' म्हटलेल्या दोन-चार गोष्टी मी करून दाखवलेल्या आहेत. कसारा घाट उतरायच्या आत माझं ठरलं होतं. स्वेच्छानिवृत्ती नुकतीच घेतलेली, हाताला काम नव्हतं आणि डोक्यात राग होता. धंदा सुरू करायला मला एवढं पुरलं.

खाडीकाठी द्राक्षं येत नाहीत हे भावोजींचं खरं, पण जांभळं येतात. खाडीकडच्या जुन्या गावात ठमाबाई म्हणून एक आगरी बाई आहेत, सत्तरीच्या, कासोटा घातलेल्या, कुणाला न भिणाऱ्या. त्यांच्या दारात जांभळाची सहा झाडं. जूनमध्ये त्या टोपली घेऊन स्टेशनबाहेर बसतात आणि भाव करणाऱ्याला उठवून लावतात. मी त्यांना सगळीच जांभळं मागितली तेव्हा त्यांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि विचारलं की घरात एवढी साखर कुणाला झालीय. खरं कारण सांगितल्यावर मात्र त्यांचा चेहरा खुलला. त्यांच्या माहेरी म्हणे पूर्वी पावसाळ्यात काय काय व्हायचं, ते त्यांनी मला सविस्तर सांगितलं. ते मी इथे लिहीत नाही, पत्र पोस्टाने जायचंय.

पण जांभळांच्या आधी अण्णांचं सांगायला हवं. आई गेल्या त्याला मार्गशीर्षात तीन वर्षं होतील. तुम्ही राखीला, दिवाळीला यायचात तेव्हा अण्णा उठून बसायचे, बरा आहे म्हणायचे, तुमच्या डब्यातला लाडू खायचे. तुमची गाडी वळली की भिंतीकडे तोंड करून पडायचे. हे मी तुम्हाला कळवलं नाही, कारण तुम्ही म्हणाला असतात की सुनेने लक्ष दिलं नाही. (म्हणाला असतात, वन्सं.) जेवायला वाढलं की जेवायचे, नाही वाढलं तर विचारायचे नाहीत. दुकानांच्या पाट्यांवरच्या चुका काढायचं सोडलं. एकदा मी मुद्दाम, अगदी मुद्दाम, त्यांच्यासमोर उभी राहून म्हटलं, अण्णा, मी बँकेत गेलेली, तिथे काय भीड होती. भीड! ज्या माणसाने 'भीड म्हणजे संकोच, गर्दीला गर्दी म्हणावं' हे मला लग्नाच्या दुसऱ्या दिवशी, हळद उतरायच्या आत ऐकवलं होतं, तो माणूस नुसता 'हं' म्हणाला. मी आत गेले आणि ओट्याशी उभी राहून रडले. एकतीस वर्षं ज्या गोष्टीचा वैताग केला ती बंद झाली तर माणसाला बरं वाटायला हवं की नाही? मला भीती वाटली.

वर्षभर मी पुस्तकं वाचली, भांडी जमवली, आणि यंदा गुढीपाडव्याच्या मुहूर्तावर परवान्याचा अर्ज लिहायला घेतला. उत्पादनाचं नाव या रकान्यात मी सरळ 'जांभूळ वाइन' लिहिलं आणि कागद टेबलावर ठेवून झोपले. सकाळी बघते तर 'जांभूळ वाइन'वर लाल रेघ. वर अण्णांच्या टपोऱ्या अक्षरात 'जंब्वासव', आणि समासात बारीक लिहिलेलं: जंबु अधिक आसव, उ पुढे आ आला की व होतो, यण् संधी, इयत्ता नववी. सव्वादोन वर्षांनी अण्णांचं शाळेतलं लाल पेन बाहेर आलं होतं, वन्सं. पुढे सगळं वर्णन त्यांनी शुद्ध करून ठेवलेलं: फर्मेंटेशनचं किण्वन, यीस्टचं किण्व, बाटलीची कुपी. मी शिकलेली बाई आहे, असा अर्ज गेला तर काय होईल हे मला कळत होतं. तरी मी एक अक्षर न बदलता तो तसाच पाठवला. झालेला सगळा घोटाळा या एका गोष्टीतून झाला, आणि तो मी उघड्या डोळ्यांनी केला.

झालं असं, की ठाण्याला ज्या टेबलावर कागद गेला तिथल्या माणसाने आसव, किण्व, कुपी एवढं वाचलं आणि विचारलं, हे औषध ना? कागद घेऊन गेलेले तुमचे बंधू म्हणाले, वडिलांना विचारून सांगतो. (एकसष्टाव्या वर्षी.) त्या माणसाने सद्भावनेने फाइल औषधांच्या खात्याकडे पाठवली. तिथून पत्र आलं की वैद्यांचं प्रमाणपत्र जोडा, कोणत्या रोगावर, किती मात्रेत आणि कशाबरोबर द्यायचं ते लिहा. मी डोक्याला हात लावून बसले. अण्णांनी मात्र टेबल पुसलं, चष्मा पुसला आणि उत्तर लिहिलं. रोग: औदासीन्य. मात्रा: अल्प. अनुपान: सत्संग. तुमचे बंधू हे उत्तर घेऊन जायला तयार होईनात, तेव्हा अण्णा म्हणाले, मी जातो. आई गेल्यापासून, नाशिकची ती एक फेरी सोडली तर, उंबऱ्याबाहेर न पडलेला माणूस कोट घालून, टोपी घालून माझ्याबरोबर रिक्षाने ठाण्याला निघाला, आणि वाटेत कल्याण फाट्यापर्यंत त्यांनी रिक्षावाल्याला 'ह्रस्व' हा शब्द शिकवला. तिथे एक चांगल्या बाई होत्या. त्यांनी सगळं वाचलं, अण्णांना खुर्ची दिली आणि विचारलं, आजोबा, हे प्यायल्यावर नेमकं काय होतं? अण्णा म्हणाले, चित्तवृत्ती प्रसन्न होतात. बाईंनी फाइल मिटली आणि म्हणाल्या, मग हे आमच्याकडे नाही, पलीकडच्या इमारतीत. अशा रीतीने साडेतीन महिन्यांनी आमचा अर्ज दारूच्या खात्यात पोचला.

दरम्यान लेबलं छापायला दिली होती. शब्द अण्णांनी फोनवरून सांगितला, तिथेच चुकलं. दोनशे लेबलं आली, त्यावर सोनेरी अक्षरात 'जंबो आसव', आणि छापणाऱ्याने शोभा म्हणून कोपऱ्यात एक हत्ती टाकलेला. तुमचे बंधू म्हणाले, चालेल, दणकट वाटतं. अण्णा उठले आणि थेट छापखान्यात गेले. तिथे त्यांनी पाऊण तास यण् संधी समजावली. मला वाटलं छापणारा हात जोडून हाकलून देईल, तर त्याने दुसऱ्या दिवशी अण्णांकडे एक लग्नपत्रिका पाठवली, जरा बघून द्या म्हणून. आता आठवड्याला पाच-सहा तरी येतात. कोपरच्या निम्म्या मुलामुलींची लग्नं हल्ली अण्णांनी शुद्ध केलेल्या मराठीत लागतात. परवा एका पत्रिकेत 'आमच्या काकूच्या लग्नाला यायचं हं' असं होतं. अण्णांनी समासात लिहिलं, काका आहेत का? आणि खरंच चूक निघाली, मावशीचं लग्न होतं. त्या घरचे पेढे घेऊन आले.

आता भट्टीबद्दल. परवाना येईपर्यंत आम्ही वाइन केली नाही, हे मी तुम्हाला शपथेवर सांगते. आम्ही जांभळाचं सरबत केलं. ते सरबत पुढे आपल्या मनाने वागलं, त्याला आमचा इलाज नव्हता. जूनमध्ये मी आणि अण्णा समोरासमोर बसून बिया काढायचो, हाताची बोटं अशी जांभळी, की इस्त्रीवाला आम्हाला कपडे दुरूनच द्यायचा. पहिलं सरबत मी इमारतीच्या बोअरच्या पाण्यात केलं. ठमाबाईंनी बजावलं होतं, "पानी खारा हाय, बाय. जांभूल गोर आन पानी खारा, मंग व्हनार काय?" (गोर म्हणजे गोड. आगरी बोलीत ड चा र होतो, हे अण्णांनी वहीत टिपून ठेवलंय. आम्हा सगळ्यांना सुधारणारे अण्णा ठमाबाईंचा एक शब्द सुधारत नाहीत, पुन्हा म्हणायला लावतात आणि लिहून घेतात. मी याबद्दल एकदा तक्रार केली तर म्हणाले, ती बरोबरच बोलते, तू चुकीचं बोलतेस.) मी ऐकलं नाही. प्रयोगशाळेतला माज, दुसरं काय. सरबत लोणच्याच्या खारासारखं झालं आणि भावोजींचं मिठाचं भाकीत खरं ठरलं. ते त्यांना सांगू नका.

दुसरं सरबत नळाच्या पाण्यात केलं, छान झालं, आणि मी घाई करून ते बावीस बाटल्यांत भरून, बुचं ठोकून मागच्या खोलीत ठेवलं. पुस्तकात लिहिलेलं तापमान तुमच्याकडचं असतं. आमच्या भाद्रपदात, बंद खोलीत, सरबताच्या पोटात काय चाललं होतं ते मला कळायला हवं होतं. खोलीला लागून पार्किंग आहे, तिथे सोसायटीची वार्षिक सभा भरलेली. सेक्रेटरी महेंद्र शेलार पांढराशुभ्र झब्बा घालून गच्चीच्या गळतीवर बोलत होते. गळतीचा उगम कुठे आहे हे एकदाचं शोधलंच पाहिजे, असं ते म्हणाले, आणि आमच्या खोलीत पहिली बाटली फुटली. मग एकीच्या धक्क्याने दुसरी, दुसरीच्या धक्क्याने चार. लोक म्हणाले ट्रान्सफॉर्मर गेला. तेवढ्यात दाराखालून जांभळा ओहोळ आला, तो शेलारांच्या पायापर्यंत गेला, ते दचकून मागे सरले आणि त्यात बसले. जांभळाचा डाग निघत नाही, वन्सं. दुसऱ्या दिवशी फलकावर नोटीस लागली की तळमजला क्रमांक दोनमध्ये स्फोटक पदार्थांचा साठा आहे. अण्णांनी ती काढून आणली, लाल पेनने तिच्यातल्या पाच चुका दुरुस्त केल्या आणि परत जागेवर लावली. खाली शेरा लिहिला, आशय स्पष्ट, अक्षर बरे. दोन दिवसांनी शेलार घरी आले, मला वाटलं आता पोलीस. ते जांभळाच्या बियांची पूड मागायला आले होते, त्यांनाही साखर आहे. बिया आमच्याकडे पोतंभर. आजमितीला या कारखान्याचं बाजारात उठाव असलेलं उत्पादन हेच आहे.

राहिली एक बरणी, बारा लिटरची, ठमाबाईंच्या सांगण्यावरून ओल्या फडक्यात गुंडाळून जमिनीवर ठेवलेली. अण्णा रोज सकाळी चहाच्या आधी तिच्यापाशी स्टूल टाकून बसायचे. प्यायचे नाहीत. शपथ, वन्सं, एक थेंब त्यांच्या पोटात गेलेला नाही. झाकण उघडून वास घ्यायचे आणि काय जाणवलं ते वहीत लिहायचे: आज उग्र, आज मवाळ, आज ओल्या लाकडासारखा. मी यंत्राने मोजायचे ते आणि हे नाकाने सांगायचे ते रोज जुळायचं. गेल्या रविवारी आम्ही ती उघडली. ठमाबाईंना मान दिला. त्यांनी वाटीभर घेतलं, दुसरी वाटी घेतली आणि निकाल दिला, "बरा हाय. पन चरत नाय." (म्हणजे चढत नाही. बरोबर आहे, त्यात खोकल्याच्या औषधाहून कमी दारू निघाली.) मग अण्णांनी काचेची नळी उजेडात धरली, वास घेतला. बराच वेळ नळी नाकापाशीच होती. मग हसले आणि म्हणाले, "हिला आवडलं असतं." तीन वर्षांत अण्णांनी आईंचा विषय स्वतःहून काढला तो त्या वेळी. त्याच क्षणी तुमच्या बंधूंनी फोटो काढला, त्यावर 'अण्णा ऑन द रॉक्स' असं लिहिलं आणि ग्रुपवर टाकला. दात जांभळे दिसताहेत ते जांभळांचं आइस्क्रीम खाल्ल्यामुळे, ते शेलारांकडून आलं होतं. डोळे तांबडे आहेत ते कशामुळे हे आता तुम्हाला कळलं असेल. फोटोखालच्या ओळीबद्दल मी तुमच्या बंधूंशी दोन दिवस बोलले नाही, आणि मला वाटतं त्यांच्या अजून ते लक्षात आलेलं नाही.

तर अशी ही भट्टी. आता तुम्ही मुखत्यार आहात. रविवारी जेवायलाच या, पुरण घालते. भावोजींसाठी बियांची पूड काढून ठेवली आहे. थोरांना नमस्कार, धाकट्यांना आशीर्वाद, आणि जे अधलेमधले आहेत त्यांनी दोन्हींतून हवं ते घ्यावं.

आपली,
शुभदा

ता. क. अण्णांना नेल्यावर लागेल म्हणून लिहून ठेवते. सकाळी 'चहा हवा का' असं विचारू नका, नको म्हणतात. समोर ठेवून निघून जायचं. झोपायच्या वेळची गोळी मधातून द्या, पाण्याबरोबर दिली तर उशीखाली ठेवतात आणि महिन्याने परत करतात. कानाचं यंत्र बंद असलं तरी ऐकू येतं, फसू नका. आणि सगळ्यात मुख्य, त्यांच्या 'हो'ला 'हो' करू नका. तुम्ही त्यांच्या लाडक्या, अण्णा म्हणतील ती पूर्व दिशा. पण असं लागोपाठ दोन दिवस झालं की ते बोलायचे थांबतात. रोज काहीतरी चुकीचं बोलत जा. जमेल, मी एकतीस वर्षं केलंय.

ता. क. दुसरा. वर एक गोष्ट लिहायची राहिली. राहिली नाही, ठेवली. काल मंगळवारी ठाण्याहून उत्तर आलं: राहत्या इमारतीत परवाना देता येत नाही. नियम बरोबर आहे, बोलायला जागा नाही. अर्ज पहिल्याच दिवशी नीट टेबलावर गेला असता तर हे मला एप्रिलमध्ये कळलं असतं. मग ना अण्णा ठाण्याला गेले असते, ना छापखान्यात, ना ठमाबाईंची वही झाली असती. तेव्हा ती चूक झाली हे मला अजूनही बरंच वाटतं. बरणी मी काल संध्याकाळी मोरीत ओतली, आणि अण्णांना सांगितलं की ठमाबाईंकडे सावलीत ठेवलीय. म्हणजे ज्या कारणाने तुम्ही त्यांना नेणार होतात ते कारण संपलं. वन्सं, नेऊ नका. मोकळं वाटेल वगैरे जे वर लिहिलंय ते खोटं आहे. ते घरात नसले तर मी दिवसभर काय करू, हे मला सोमवारपासून सुचत नाहीये. एवढं एक वाक्य लिहायला मला इतकी पानं लागली, माफ करा.

ता. क. तिसरा, आणि शेवटचा. पाकीट चिकटवायला घेतलं आणि वाटलं, ज्यांना न्यायचंय त्यांना कुणी विचारलंच नाही. म्हणून अण्णांना दोन्ही गोष्टी सांगून टाकल्या. परवान्याचं ऐकून म्हणाले, मला कालच कळलं, मोरी जांभळी आहे. नाशिकचं ऐकून त्यांनी चष्मा पुसला. मग म्हणाले, क्षिप्राचं मन मोडायचं नाही, जाऊ. उठले, पलंगाखालची बॅग काढली आणि दार लोटून भरायला बसले. मी ओट्याचा कडप्पा धरून उभी होते. ते आंघोळीला गेले तेव्हा घड्या नीट घालाव्यात म्हणून मी बॅग उघडली. वर शब्दकोश, गोळ्यांचा डबा, दोन धोतरं. खाली माझ्या दोन साड्या, वेड्यावाकड्या घडीच्या. बाहेर आल्यावर विचारलं, हे काय? म्हणाले, "क्षिप्रा माझ्या शब्दाबाहेर नाही. तिथे मी भांडू कुणाशी?" तेव्हा वन्सं, रविवारी काय ते तुम्हीच ठरवा. साड्या मी बॅगेतून काढलेल्या नाहीत.